आधी टीव्ही तपासा

माझी थोरली बहीण अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिला स्वच्छ दिसतं. हे वाक्य मला लिहावं लागतंय याचीच लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात तिला दिसत नाही असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं, आणि त्या सगळ्यांत मीही होतो.

तिचं नाव उषा, पण मी आणि नात्यातले सगळे तिला अक्काच म्हणतो. मी श्रीकांत, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. रेल्वेत गार्ड होतो. आता उज्जैनला देवास गेटजवळच्या दोन खोल्यांत एकटा राहतो आणि दुपारचं जेवण अक्काकडे करतो. ती राहते फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बरोबर मुलगा विक्रांत आणि सून स्नेहा. विक्रांत विम्याच्या ऑफिसात आहे, स्नेहा शाळेत शिकवते. दोघंही वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा पारा चढणार आहे.

आठवड्यातून तीन दिवस अक्का भैरवगढला कामाला जाते. तिथे रईसभाईंचा कापडछपाईचा कारखाना आहे. तयार झालेलं कापडाचं प्रत्येक थान, म्हणजे अख्खा तागा, अक्काच्या टेबलावरून जातं. लाल नीट उतरलाय का, काळा करडा तर पडला नाही ना, ठप्पा कुठे सरकलाय का, हे ती बघते आणि मग थानाच्या कोपऱ्यावर सही करते. तिची सही नसलेलं थान बाहेर पडत नाही. भावोजी वारले तेव्हा विक्रांत आठ वर्षांचा होता आणि अक्का एक्केचाळीसची. शिकल्यासवरल्या घरातली बाई रंगाऱ्यांकडे कामाला जाणार म्हणून आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. दोन काका समजूत घालायला घरी आले. अक्काने त्यांना चहा पाजला, पोहे खायला घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेली. त्याला सत्तावीस वर्षं झाली.

तिची एक पद्धत आहे. प्रत्येक थान ती दोनदा बघते, एकदा अंगणातल्या उन्हात आणि एकदा आत, दरवाजा लोटून, बल्बखाली. सुरुवातीला कारागीर कुरकुरायचे. अक्का त्यांना म्हणायची, "साड़ी दिन में खरीदते हैं, शादी में रात को पहनते हैं. दोनों जगह अच्छी लगना चाहिए कि नहीं?" आता तिथे सगळेच तसं करतात.

तर दिवाळीत विक्रांतने नवा टीव्ही घेतला. पंचावन्न इंच. हॉलमध्ये तो लावायला एकच भिंत होती, गॅलरीच्या दाराशेजारची. म्हणजे दुपारी गॅलरीतून येणारं ऊन बघणाऱ्याच्या तोंडावर आणि टीव्ही सावलीत. टीव्हीच्या खाली एक अरुंद फळी ठोकली, तिच्यावर रिमोट वगैरे ठेवायला. आणि दिवेलागणीला स्नेहाचं निरांजनही तिथेच.

हे निरांजन जरा समजावून सांगतो. स्नेहा शाळेतून येते, हातपाय धुते आणि महाकालाची सांजआरती थेट टीव्हीवर लावते. आरती समोर चालू असताना दिवा स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात ठेवून कसं चालेल? दिवा देवासमोर हवा, आणि त्या वेळी देव टीव्हीत असतो. म्हणून निरांजन टीव्हीखालच्या फळीवर, बरोबर मधोमध. आरती झाल्यावर बातम्या लागतात, मालिका लागतात, पण दिवा काही कोणी फुंकून विझवत नाही. तूप आहे तोवर तो जळतो. मला यात काही वावगं वाटलं नाही. उज्जैनमध्ये कोणालाच वाटणार नाही.

पंधरा दिवसांत अक्काची तक्रार सुरू झाली. कामाचा दिवस नसला की दुपारी आम्ही दोघं क्रिकेट बघतो. ती म्हणायची, "श्रीकांत, चेंडू दिसूनच नाही राहिला. सगळं कसं मळकट." आणि संध्याकाळी सात वाजता तीच बाई डोळ्यांवर हात धरायची. "अरे, कमी करा हे! डोळ्यांत घुसतंय."

विक्रांतने मोबाइलमध्ये शोधलं. दिवसा अंधुक दिसणं, रात्री उजेडाने डोळे दिपणं: मोतीबिंदू. अक्काच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालंय, आणि उजव्यात थोडी सुरुवात आहे असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. झालं. निकाल लागला. दिवसा घरात मुलगा-सून नसतात, रविवारी दुपारी झोपलेली असतात, त्यामुळे दुपारचं चित्र त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. संध्याकाळचं चित्र त्यांना झगमगीत म्हणून आवडायचं. राहिलो मी. तर खरं सांगतो, दुपारी मलाही मळकटच दिसत होतं. पण मी धरून चाललो की आपलंही वय झालं, आता असंच दिसायचं. दोघांना एकच गोष्ट दिसत होती. तिने टीव्हीला दोष दिला, मी मुकाट्याने स्वतःला दिला. वर जेवण झाल्यावर माझे डोळे मिटायचे, त्यामुळे साक्षीदार म्हणूनही मी बिनकामाचा.

एका शुक्रवारी अक्का भैरवगढहून दुपारीच परत आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. मी विचारलं काय झालं, तर तिने सांगितलं ते असं. रईसभाई तिच्या टेबलापाशी आले, नजर न मिळवता म्हणाले, "दीदी, अब आप आराम करो. विक्रांत का फोन आया था. आँखों की तकलीफ थी तो मुझे पहले बतातीं. सोमवार से मैंने दूसरे आदमी को बोल दिया है."

विक्रांत घरी येईपर्यंत ती त्या खुर्चीतून उठली नाही. तो आला, तेव्हा आवाज अजिबात न चढवता तिने विचारलं, "विक्रांत, डोळे कोणाचे गेले?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी केलं. तुला दिसत नाही. उद्या खराब माल पास झाला तर नाव तुझं खराब होईल. सोमवारी डोळे तपासायला जाऊ, मी सुट्टी घेतो."

"डोळे तपासायला मी तयार आहे. पण आधी टीव्ही तपासा."

विक्रांत हसला. "टीव्ही दोन महिन्यांचा आहे, आई. डोळे अडुसष्ट वर्षांचे."

मीही हसलो. अक्काने माझ्याकडे पाहिलं. ती मला लहानपणापासून ओरडत आली आहे, पण त्या दिवशी ओरडली नाही, नुसतं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तिने कपाटातून लाल छपाईचा एक तुकडा काढला. हाताएवढा असेल. बातम्यांच्या एका चॅनेलला खाली लाल पट्टी असते, चोवीस तास तीच. अक्का टीव्हीपाशी उभी राहिली आणि तुकडा पट्टीशेजारी धरला. पट्टी भडक, डोळ्यांत घुसणारी. तुकडा शांत, ट्यूबलाइटखाली किंचित विटकरी, जसा तो नेहमी दिसतो. स्नेहा म्हणाली, "आई, काय करताय?" अक्का म्हणाली, "माल तपासतेय."

शनिवारी सकाळी विक्रांत आणि स्नेहा इंदूरला गेले. स्नेहाच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता, रविवारी संध्याकाळी येणार होते. दुपारी मी जेवून आडवा होणार तेवढ्यात अक्काने मला उठवलं. पुन्हा तोच चॅनेल, पुन्हा तीच पट्टी. या वेळी पट्टी वाळलेल्या काथासारखी दिसत होती. आणि कापड? गॅलरीच्या उजेडात लखलखीत लाल.

"आता बघ," ती म्हणाली. "माझे डोळे गेले असते तर कापडही मळकट दिसलं असतं. कापड दिवसा उजळ, रात्री मंद, जसं असायला पाहिजे तसं. टीव्ही नेमका उलटा चालतोय. दोन्ही मी एकाच डोळ्यांनी बघतेय ना? मग बिघाड कशात आहे?"

आयुष्यभर हिरवे-लाल दिवे दाखवत फिरलेला माणूस मी, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"पण टीव्ही उलटा का वागेल?" मी म्हणालो.

"ते मला काय माहीत? शोधायचं."

संध्याकाळी सात वाजता तिने पुन्हा तुकडा धरला आणि तशीच थबकली. पट्टी भडक नव्हती. दुपारसारखीच मेलेली.

"श्रीकांत, काल भडक, आज मंद. माझे डोळे एका रात्रीत बरे झाले का?" ती मागे सरकली, हॉलभर नजर फिरवली. "काल या वेळी इथे काय होतं जे आज नाही?"

"स्नेहा नाही."

"स्नेहा टीव्हीला काय करते?"

आम्ही दोघांनी एकदमच फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

अक्का आत गेली, निरांजन घेऊन आली, वात लावली आणि फळीवर मधोमध ठेवलं. तीन-चार सेकंद काही झालं नाही. मग माझ्या डोळ्यांदेखत चित्र उजळायला लागलं. पट्टी लाल झाली, मग भडक झाली, मग टोचायला लागली. तिने निरांजन उचललं. चित्र हळूहळू विझत गेलं. ठेवलं, उजळलं. उचललं, मंदावलं. पाच वेळा तिने तसं केलं आणि पाचव्यांदा ती मोठ्याने हसली. एवढी मोकळी मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.

टीव्हीच्या खालच्या कडेला मसुराएवढा एक काळा ठिपका होता. तो खोलीतला उजेड मोजतो, हे पुढे सेटिंगमध्ये वाचून कळलं, आणि त्याप्रमाणे टीव्ही चित्र आपोआप कमीजास्त करतो. खोलीत लख्ख ऊन असेल तर चित्र उजळ, काळोख असेल तर मंद. सोय म्हणून दिलेली गोष्ट. फक्त आमच्याकडे दुपारी तो ठिपका सावलीत, म्हणून टीव्हीला वाटायचं रात्र झाली. आणि संध्याकाळी त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर निरांजन, म्हणून टीव्हीला वाटायचं भर दुपार आहे. टीव्ही बनवणाऱ्या माणसाने सगळा विचार केला असेल, पण समोरचा मनुष्य टीव्हीची आरती करेल हे त्याच्या डोक्यात कुठून येणार?

आम्ही रिमोट घेऊन बसलो. सेटिंगमध्ये गेलो, त्यात पिक्चरमध्ये, आणि अगदी तळाशी ती आपोआपवाली ओळ सापडली. अक्काने ती बंद केली. मला वाटलं, संपलं काम. पण ती कशाला सोडतेय! "आता हा माझ्या हातात आलाय. दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं, दोन्ही बसवून देते."

मी ब्राइटनेस कमी करायला गेलो, तर तिने रिमोट हिसकावला. पडद्यावर काळ्या कोटातला एक वकील बोलत होता. "बघ, ब्राइटनेस उतरवलास तर कोटाची बटणं गेली. काळ्यात काळं वेगळं दिसलं पाहिजे. त्याला हात नको लावूस." मग तिने बॅकलाइट नावाची गोष्ट शोधून काढली. तो पडद्यामागचा उजेड. तो कमी केला, तर बटणं शाबूत राहिली आणि डोळ्यांत टोचणंही थांबलं. रात्रीसाठी पस्तीस. रंगाचा कल थोडा पिवळसर, म्हणजे ट्यूबलाइट बंद करून बारीक दिवा लावला तरी माणसांचे चेहरे निळे दिसत नाहीत. रविवारी दुपारी ऊन आत आल्यावर दिवसाचं बसवलं. बॅकलाइट नव्वद, कल पांढरा, रंग जरासा चढवलेला. दर वेळी एक गोष्ट बदलायची, कापड शेजारी धरायचं, दोन पावलं मागे यायचं, मान तिरकी करून बघायचं. मग दोन्ही टीव्हीत दोन वेगळ्या नावांखाली साठवून ठेवली आणि कोणतं कधी लावायचं ते कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्या दुपारी आम्ही क्रिकेट बघितलं. मी झोपलो नाही. चेंडूची शिवण दिसत होती.

संध्याकाळी विक्रांत आणि स्नेहा आले. पिशव्या खाली ठेवायच्या आत अक्काने त्यांना सोफ्यावर बसवलं, आपोआपवाली ओळ पुन्हा चालू केली आणि निरांजनाचा खेळ दाखवला. ठेवलं, उजळलं. उचललं, मंदावलं.

स्नेहाने तोंडावर हात ठेवला. "अय्यो, म्हणजे हे सगळं माझ्यामुळे?"

"तू दिवा लावलास. दिवा लावणाऱ्याची काय चूक?" अक्का म्हणाली. "रोज लाव. मी टीव्हीची खोड मोडलीय." आणि तिने ती ओळ कायमची बंद करून टाकली.

विक्रांतने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "ठीक आहे, आई. टीव्हीचीच गडबड होती. सॉरी." आणि तो तिथे थांबला असता तर मी त्याला मिठी मारली असती. पण तो थांबला नाही. "पण आता रईसभाईंना सांगून झालंच आहे, तर राहू दे ना. सत्तावीस वर्षं केलंस. किती दिवस ई-रिक्षात बसून धक्के खाणार? ऑफिसात लोक मला विचारतात, आई अजून कामाला जाते? कसं वाटतं मला?"

आता कळलं. इतके दिवस आम्ही अंधुक, भडक, मोतीबिंदू करत होतो, आणि मुळात गोष्ट ही होती. मला इतका राग आला की मी बोलायला तोंड उघडलं. अक्काने हात वर करून मला गप्प केलं.

"म्हणजे डोळे हे निमित्त होतं," ती म्हणाली.

"तसं नाही, आई..."

"तसंच आहे. आता नीट ऐक. टीव्हीचं दाखवलं ते माझे डोळे चांगले आहेत हे सिद्ध करायला नाही दाखवलं. डोळे उद्या जातीलही. डॉक्टरकडे मी जाईन, माझ्या वेळेने. पण माझे डोळे खरंच गेले असते ना, तरी रईसभाईंना तो फोन मी केला असता. तू नाही. माझं काम कधी संपलं ते मी सांगणार."

तिने लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रईसभाई, उषा बोल रही हूँ. मेरी आँखों के बारे में आपको जो बताया, वो मैंने नहीं बताया था. कल सुबह मैं आ रही हूँ. दस थान निकाल के रखना, पाँच धूप में देखेंगे, पाँच बल्ब के नीचे. आपका नया आदमी भी देखे, मैं भी देखूँगी. जिसकी नज़र चूके, वो घर बैठे."

पलीकडून रईसभाईंचा आवाज आला, जरा ओशाळलेला. "दीदी, गलती मेरी है. आपसे पूछना चाहिए था. थान-वान कुछ नहीं देखना. आपकी टेबल वहीं है, जब आप बोलोगी तब हटेगी."

"थान तो देखेंगे," अक्का म्हणाली. "दस बजे." आणि फोन ठेवला.

मग ती विक्रांतकडे वळली. "आता त्यांचा नंबर तुझ्या फोनमधून काढून टाक."

"आई, मी परत नाही करणार फोन."

"काढ म्हटलं ना."

त्याने काढला. अक्काने फोन त्याच्या हातातून घेतला, नंबरांची यादी वरून खालपर्यंत नीट बघितली आणि परत दिला.

"नंबर तुला दिला कोणी? माझा फोन तर माझ्याजवळ असतो."

विक्रांतची नजर माझ्याकडे वळली. दोन वर्षांपूर्वी अक्काला ताप आला होता तेव्हा निरोप देण्यासाठी मी रईसभाईंचा नंबर घेऊन ठेवला होता. विक्रांतने मागितला, मी दिला. कशाला हवा, एवढंही विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती, मला माहीत होतं.

अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता तरी ओरडेल.

"श्रीकांत," ती म्हणाली, "तूही काढ."

मी चष्मा लावला आणि नंबर काढला. मग फोन तिच्या हातात दिला, आणि तिने माझीही यादी वरून खालपर्यंत तपासली.